लिंक दाबली, पण ॲप उघडले नाही : डीप लिंक आणि स्टोअर मंजुरीतील अडचणी कशा शोधाव्यात?

बसचे तिकीट काढल्यावर मोबाइलवर एसएमएस येतो. त्यातली लिंक दाबली की ॲपमध्ये थेट तिकीट दिसावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ब्राउझर उघडतो, तिथे पुन्हा लॉग-इन करावे लागते, ओटीपीची वाट पाहावी लागते आणि तोवर बस फलाटावर लागलेली असते. तक्रार ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरपर्यंत पोहोचते. तो आपल्या फोनवर तीच लिंक दाबून पाहतो, तर ॲप लगेच उघडते. ‘आमच्याकडे तर चालते आहे’ हे त्याचे उत्तर खरे असते आणि प्रवाशाची तक्रारही खरी असते.

या विसंगतीचे कारण बहुतेक वेळा एकच असते. डेव्हलपरने तपासलेली ॲपची प्रत आणि स्टोअरमधून वापरकर्त्याला मिळालेली प्रत तंतोतंत सारखी नसते. तिच्यावरील डिजिटल स्वाक्षरी वेगळी असते, सेटिंग वेगळे असते किंवा ती ज्या सर्व्हरशी बोलते तो वेगळा असतो. स्टोअरकडून ॲप नाकारले जाते तेव्हाही अनेकदा हेच घडलेले असते. परीक्षकाच्या हातात आलेले ॲप डेव्हलपरच्या टेबलावरच्या ॲपसारखे वागत नाही. त्यामुळे दोन्ही अडचणींचा शोध घेताना पहिला प्रश्न हाच असावा : नेमकी कोणती प्रत, कोणाच्या फोनवर आणि कुठून उघडली?

डीप लिंक म्हणजे काय?

साधी लिंक संकेतस्थळाचे पान उघडते. डीप लिंक फोनमधील ॲपच्या आतले विशिष्ट पान उघडते, उदाहरणार्थ एखादे तिकीट, वस्तू किंवा बिल. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार कस्टम स्कीमचा. यात लिंकच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ऐवजी ॲपने स्वतः ठरवलेला शब्द असतो. ही पद्धत सोपी आहे, पण त्या शब्दावर कोणाचीच मालकी नसते. दुसरे ॲपही तोच शब्द वापरू शकते. शिवाय ॲप फोनमध्ये नसेल तर अशी लिंक कुठेच जात नाही.

दुसरा प्रकार पडताळणी झालेल्या वेब लिंकचा. आयफोनवर त्याला ‘युनिव्हर्सल लिंक’ म्हणतात. ती २०१५ साली आयओएस ९ सोबत आली. अँड्रॉइडवर तिला ‘ॲप लिंक’ म्हणतात आणि तीही त्याच वर्षी अँड्रॉइड ६ सोबत आली. ही लिंक साध्या वेब पत्त्यासारखीच दिसते. ॲप असेल तर ॲप उघडते, नसेल तर संकेतस्थळ.

भारतात कस्टम स्कीमचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे यूपीआय. दुकानाच्या ॲपमध्ये ‘यूपीआयने पैसे द्या’ हे बटण दाबल्यावर ‘यूपीआय’ या स्कीमने सुरू होणारी लिंक तयार होते. तिच्यात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि रक्कम असते. अँड्रॉइड अशा वेळी फोनमधील यूपीआय ॲपची यादी दाखवते आणि ग्राहक त्यातून एक निवडतो. आयफोनवर एकाच स्कीमवर अनेक ॲपनी दावा केला असेल, तर कोणते उघडेल याची ॲपल हमी देत नाही. म्हणून आयफोनवर प्रत्येक यूपीआय ॲपच्या स्वतंत्र स्कीमने वेगवेगळी बटणे दाखवली जातात.

आणखी एक मेख आहे. फोनमध्ये कोणते ॲप आहे हे विचारण्यासाठी आयफोनच्या ॲपला त्या स्कीमची यादी आधीच जाहीर करावी लागते. अँड्रॉइड ११ पासून तिथेही मॅनिफेस्ट फाइलमध्ये तशी नोंद लागते. ती राहिली तर ॲप फोनमध्ये असूनही ‘ॲप सापडले नाही’ असे उत्तर मिळते.

जोडणी दोन्हीकडून लागते

पडताळणी झालेल्या लिंकचे तत्त्व सोपे आहे. ‘हे संकेतस्थळ माझे आहे’ असे ॲपने सांगायचे आणि ‘हे ॲप माझे आहे’ असे संकेतस्थळाने सांगायचे. दोन्ही विधाने जुळली तरच फोन त्या लिंकसाठी ॲप उघडतो. संकेतस्थळाचे विधान एका छोट्या फाइलमध्ये असते. अँड्रॉइडसाठी ‘असेटलिंक्स डॉट जेसन’ आणि आयफोनसाठी ‘ॲपल-ॲप-साइट-असोसिएशन’ अशी तिची नावे आहेत. दोन्ही फाइल संकेतस्थळाच्या ‘डॉट वेल-नोन’ या फोल्डरमध्ये ठेवतात. ही नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची असतात. आयफोनच्या फाइलला शेवटी ‘जेसन’ हे विस्तारनाव द्यायचे नसते. ते दिल्याने फाइल सापडत नाही.

दोन्हीकडे सारख्या होणाऱ्या चुका अशा :

• फाइल सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावर नसणे, किंवा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असणे.

• फाइल मागितल्यावर सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय असलेले पत्ते फोनच्या दृष्टीने दोन वेगळी संकेतस्थळे असतात. एकावरून दुसरीकडे वळवले की पडताळणी फसते.

• फाइलऐवजी लॉग-इनचे किंवा ‘पान सापडले नाही’ असे सांगणारे पान मिळणे. ब्राउझरमध्ये काहीतरी उघडते, म्हणून फाइल ठीक आहे असा समज होतो.

• देशाबाहेरून येणाऱ्या विनंत्या फायरवॉलने अडवणे. पुण्यातल्या कार्यालयातून फाइल दिसते, पण पडताळणी करणाऱ्या यंत्रणेला ती दिसत नाही.

अँड्रॉइड : तीन किल्ल्यांचा घोळ

‘माझ्या फोनवर चालते, स्टोअरवरून घेतल्यावर चालत नाही’ या तक्रारीचे अँड्रॉइडवरचे नेहमीचे कारण स्वाक्षरीत असते.

प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर डिजिटल स्वाक्षरी असते. असेटलिंक्स फाइलमध्ये ॲपच्या पॅकेजच्या नावासोबत त्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राचा ‘एसएचए-२५६’ फिंगरप्रिंट लिहावा लागतो. डेव्हलपरच्या संगणकावर तयार झालेल्या चाचणी प्रतीवर डीबग किल्लीची स्वाक्षरी असते. स्टोअरकडे पाठवायच्या प्रतीवर अपलोड किल्लीची असते. मात्र प्ले स्टोअर ती स्वाक्षरी तपासून बाजूला ठेवते आणि स्वतःकडे जपलेल्या तिसऱ्या किल्लीने, म्हणजे ॲप साइनिंग किल्लीने, नवी स्वाक्षरी करते. ऑगस्ट २०२१ पासून नवी ॲप्स ‘ॲप बंडल’ स्वरूपातच द्यावी लागतात आणि त्यांच्यासाठी ही व्यवस्था अनिवार्य आहे.

डेव्हलपरने पहिल्या किंवा दुसऱ्या किल्लीचा फिंगरप्रिंट फाइलमध्ये लिहिला असेल, तर त्याच्या फोनवर सगळे सुरळीत चालते आणि ग्राहकाच्या फोनवर काहीच जुळत नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे. प्ले कन्सोलमधील ॲप साइनिंगच्या पानावरून तिसऱ्या किल्लीचा फिंगरप्रिंट घेऊन तो फाइलमध्ये जोडावा. एका ॲपसाठी एकाहून अधिक फिंगरप्रिंट लिहिता येतात, त्यामुळे चाचणीचा फिंगरप्रिंट काढण्याची गरज नसते. नकाशा किंवा गूगल लॉग-इनसारख्या सेवा स्टोअरच्या प्रतीत बंद पडतात, तेव्हाही हेच कारण आधी तपासावे.

ही चूक अनेक जुन्या ॲपमध्ये वर्षानुवर्षे लपून राहिली. पूर्वी पडताळणी झालेली नसली तर फोन ‘कशात उघडू?’ असे विचारायचा आणि वापरकर्ता ॲप निवडायचा. २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून पडताळणी न झालेली वेब लिंक सरळ ब्राउझरमध्ये जाते. नवा फोन घेतलेल्या ग्राहकांच्या तक्रारी अचानक वाढल्या, तर नवे अपडेट बिघडले असे समजण्याआधी ही शक्यता पाहावी.

मॅनिफेस्टमध्ये त्या लिंकच्या नोंदीवर ‘ऑटोव्हेरिफाय’ सुरू आहे का आणि ‘ब्राउझेबल’ व ‘डीफॉल्ट’ हे दोन्ही प्रकार दिले आहेत का, हेही पाहावे. फोन संगणकाला जोडून एडीबीच्या ‘गेट-ॲप-लिंक्स’ आज्ञेने प्रत्येक पत्त्याची पडताळणी झाली की नाही हे थेट कळते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही आज्ञा आधी चालवावी.

आयफोन : फाइल बदलली, पण फोनला कळले नाही

आयफोनच्या फाइलमध्ये ॲपची ओळख दोन भागांत असते. आधी दहा अक्षरांचा टीम आयडी आणि मग ॲपचा बंडल आयडी. ॲप दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर हलवले की टीम आयडी बदलतो, आणि फाइल तशीच राहिली तर लिंक बंद पडतात. ॲपमध्ये ‘असोसिएटेड डोमेन्स’ ही क्षमता सुरू करून संकेतस्थळाचा पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदीत एचटीटीपीएस लिहायचे नसते. ‘ॲपलिंक्स’ हा उपसर्ग, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि पुढे नुसता पत्ता, एवढेच लिहायचे.

सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट वेगळीच आहे. आयओएस १४ पासून फोन ही फाइल थेट संकेतस्थळावरून घेत नाही. ती ॲपलच्या वितरण यंत्रणेकडून घेतो. ही यंत्रणा २४ तासांच्या आत फाइल मागते आणि ॲप बसवल्यानंतर फोन साधारण आठवड्यातून एकदा बदल तपासतो. त्यामुळे दुपारी फाइल दुरुस्त केली आणि संध्याकाळी लिंक चालली नाही, तर दुरुस्ती चुकली असा निष्कर्ष काढू नये. घाईच्या चाचणीसाठी डेव्हलपर मोडची सोय आहे. त्यात फोन थेट सर्व्हरकडून फाइल घेतो. मात्र त्यासाठी डोमेनच्या नोंदीला जोडलेला भाग स्टोअरला पाठवण्यापूर्वी काढून टाकावा लागतो.

चाचणीची पद्धतही अनेकदा चुकते. सफारीच्या पत्त्याच्या पट्टीत लिंक टाइप केली तर ॲप उघडत नाही, आणि तसे उघडायचेही नसते. सफारीत एखाद्या संकेतस्थळावर असताना त्याच संकेतस्थळाची लिंक दाबली, तरी फोन वापरकर्त्याला ब्राउझरमध्येच ठेवतो. म्हणून लिंक नोट्स ॲपमध्ये लिहून तिथून दाबावी. ती दाबून धरल्यावर ॲपमध्ये उघडण्याचा पर्याय दिसला, तर जोडणी झालेली आहे आणि दोष इतरत्र आहे.

समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये अंतर्गत ब्राउझर असतात. त्यांतून दाबलेली लिंक दोन्ही प्रकारच्या फोनवर ॲपपर्यंत पोहोचेलच असे नाही. अशा ठिकाणी वेब पानावरच ‘ॲपमध्ये उघडा’ असे बटण देणे व्यवहार्य ठरते.

ॲप उघडते, पण मुख्य पानावरच थांबते

इथे जोडणी ठीक असते आणि दोष ॲपच्या आत असतो. ॲप पूर्ण बंद असताना लिंक एका मार्गाने येते, तर ॲप मागे चालू असताना दुसऱ्या मार्गाने. अँड्रॉइडवर पहिल्या वेळी ‘ऑनक्रिएट’ आणि दुसऱ्या वेळी ‘ऑनन्यूइंटेंट’ हा भाग चालू शकतो. आयफोनवरही दोन वेगळ्या ठिकाणी लिंक हाती येते. एकच मार्ग लिहिला असेल तर लिंक ‘कधी चालते, कधी नाही’ असे वाटते. प्रत्येक लिंक तीन अवस्थांत तपासावी : ॲप बंद, ॲप मागे चालू आणि वापरकर्ता लॉग-आउट झालेला. तिसऱ्या अवस्थेत लॉग-इन झाल्यावर मूळ पान उघडणे बहुतेकदा विसरले जाते.

दुसऱ्याच्या पत्त्यावरील लिंक

लिंक छोटी करण्यासाठी किंवा ॲप नसलेल्यांना स्टोअरकडे पाठवण्यासाठी अनेकांनी गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही मोफत सेवा वापरली. ती २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली आणि जुन्या लिंकही चालेनाशा झाल्या. ॲपमधील लिंक बदलता येतात, पण दुकानातील फलकावर किंवा माहितीपत्रकावर छापलेला क्यूआर कोड बदलता येत नाही. छापायची लिंक म्हणूनच नेहमी स्वतःच्या डोमेनची असावी.

भारतात एसएमएसने लिंक पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रायच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंदणी न केलेल्या लिंक असलेले व्यावसायिक संदेश दूरसंचार कंपन्या अडवतात. लिंकचे डोमेन बदलले तर ही नोंदणीही बदलावी लागते. नाहीतर एसएमएस पोहोचतच नाही आणि दोष ॲपमध्ये शोधला जातो.

स्टोअरची पहिली चाळणी : यंत्र

ॲप पाठवल्यावर आधी स्वयंचलित तपासणी होते. ॲपल त्रुटीचा क्रमांक ईमेलने कळवते. क्रमांक ‘आयटीएमएस’ने सुरू होतो. नेहमी भेटणारे तीन असे :

• ९०१८९ : याच बिल्ड क्रमांकाची प्रत आधीच आलेली आहे. क्रमांक वाढवून पुन्हा पाठवावे.

• ९०६८३ : कॅमेरा, स्थान किंवा फोटो यांची परवानगी कशासाठी हवी, हे लिहिलेले नाही. डेव्हलपरने कॅमेरा वापरलाच नसेल, तर एखाद्या बाहेरच्या लायब्ररीने त्याचा उल्लेख केलेला असतो.

• ९१०५३ : ठरावीक प्रणाली-सुविधा का वापरली, याचे कारण प्रायव्हसी मॅनिफेस्टमध्ये नाही. १ मे २०२४ पासून हे कारण देणे सक्तीचे आहे.

प्ले स्टोअरवर आधीच वापरलेला व्हर्जन कोड आणि जुनी टार्गेट पातळी ही नेहमीची कारणे आहेत. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप्स आणि अपडेट अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय पातळी ३५, लक्ष्य धरून बनवावी लागतात. ही पातळी दरवर्षी वर सरकते, त्यामुळे वर्षभर हात न लावलेले ॲप छोट्या दुरुस्तीसाठीही अडू शकते. अपलोड किल्ली हरवली असेल तर नवी किल्ली लावण्याची विनंती प्ले कन्सोलमधून करता येते.

नव्या डेव्हलपरसाठी वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० जणांची अट होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. या १२ जणांनी सलग १४ दिवस सहभागी राहावे लागते. दिवाळीच्या खरेदीसाठी ॲप आणायचे असेल, तर हे दोन आठवडे आधीच धरावेत.

दुसरी चाळणी : माणूस

ॲपलच्याच माहितीनुसार न सुटलेल्या तक्रारींपैकी सरासरी ४० टक्क्यांहून अधिक नियम २.१ शी, म्हणजे ॲपच्या पूर्णत्वाशी संबंधित असतात. ॲप बंद पडणे, लिंक तुटलेली असणे, ‘लवकरच येत आहे’ अशी पाने आणि लॉग-इन न होणे हे सगळे त्यात येते.

भारतीय ॲपची खास अडचण यातच आहे. इथे लॉग-इन बहुधा मोबाइल क्रमांक आणि ओटीपीने होते. परीक्षकाकडे भारतीय सिम असेलच असे नाही. त्याला पहिल्या पानाच्या पुढे जाता आले नाही, तर ॲप तपासताच येत नाही आणि नाकारले जाते. उपाय म्हणजे सर्व्हरवर एक चाचणी क्रमांक ठेवून त्याला ठरावीक ओटीपी द्यावा. तो ॲपलच्या परीक्षणाच्या नोंदीत आणि प्ले कन्सोलमधील ‘ॲप ॲक्सेस’मध्ये लिहावा. या खात्यात नमुन्याची तिकिटे किंवा ऑर्डर भरलेल्या असाव्यात, पण खऱ्या ग्राहकांची माहिती किंवा खरे व्यवहार त्यातून पोहोचता येणार नाहीत याची काळजी घ्यावी. सर्व्हर देशाबाहेरील विनंत्या अडवत असेल, तर परीक्षकासाठीही तो बंदच असतो.

इतर नेहमीची कारणे थोडक्यात :

• ॲपमध्ये खाते उघडता येते, पण हटवता येत नाही. ॲपलने ३० जून २०२२ पासून ॲपच्या आतच ही सोय सक्तीची केली. गूगल त्यासोबत वेब लिंकही मागते.

• ॲप म्हणजे संकेतस्थळाची केवळ चौकट आहे. ॲपलचा नियम ४.२ अशा ॲपना अडवतो.

• कपडे, जेवण, तिकीट यांचे पैसे यूपीआयने घेता येतात. मात्र ॲपमध्येच वापरायच्या डिजिटल गोष्टींसाठी साधारणतः स्टोअरची देयक व्यवस्था लागते. याचे अपवाद देशागणिक वेगळे आहेत.

• प्ले स्टोअरच्या ‘डेटा सेफ्टी’ तक्त्यात लिहिलेली माहिती आणि ॲप प्रत्यक्षात गोळा करते ती माहिती जुळत नाही.

• एसएमएस किंवा कॉलच्या नोंदी वाचण्याची परवानगी मागितली आहे. केवळ ओटीपी आपोआप भरण्यासाठी ती लागत नाही, त्यासाठी गूगलची वेगळी सोय आहे.

नाकारल्यानंतर काय करावे?

पत्रातील नियमाचा क्रमांक आणि जोडलेले चित्र आधी नीट पाहावे. चित्रावरून परीक्षक कोणत्या पानावर अडकला हे कळते. दोष वर्णनात किंवा स्क्रीनशॉटमध्ये असेल तर ॲपलकडे नवी प्रत पाठवावी लागत नाही. मजकूर सुधारून पुन्हा सादर करता येते. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तर ॲप स्टोअर कनेक्टमध्ये उत्तर लिहावे आणि छोटा व्हिडिओ जोडावा. तेवढ्याने न भागल्यास अपील करता येते. आधीपासून स्टोअरवर असलेल्या ॲपच्या निव्वळ दुरुस्तीचे अपडेट दुसऱ्या एखाद्या नियमामुळे अडले असेल, तर ते आधी सोडण्याची आणि तो नियम पुढच्या वेळी पाळण्याची विनंती मान्य होऊ शकते. कायदेशीर प्रश्न मात्र याला अपवाद आहेत. काहीही न बदलता तेच ॲप पुन्हा पुन्हा पाठवल्याने वेळच जातो.

तपासणीचा क्रम

१. तक्रार करणाऱ्याकडून फोनची प्रणाली, ॲपची आवृत्ती आणि लिंक कुठून दाबली हे विचारावे.

२. संकेतस्थळावरील फाइल मोबाइल डेटावरून आणि शक्य असल्यास देशाबाहेरून उघडून पाहावी. ती वळवली जाते का हे तपासावे.

३. फाइलमधील ओळख स्टोअरच्या प्रतीशी ताडून पाहावी. अँड्रॉइडवर ॲप साइनिंगचा फिंगरप्रिंट, आयफोनवर टीम आयडी आणि बंडल आयडी.

४. अँड्रॉइडवर एडीबीची आज्ञा आणि आयफोनवर नोट्समधील लिंक यांनी जोडणी तपासावी.

५. जोडणी ठीक असेल तरच ॲपच्या आतला कोड पाहावा, तोही तिन्ही अवस्थांत.

६. स्टोअरला पाठवण्यापूर्वी चाचणी खात्याने, दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या व्यक्तीकडून लॉग-इन करून घ्यावे.

७. आयफोनसाठी टेस्टफ्लाइटवरून आणि अँड्रॉइडसाठी प्लेच्या अंतर्गत चाचणीतून आलेली प्रत बसवून सर्व लिंक दाबून पाहाव्यात.

यातली सातवी पायरी घाईत सर्वात आधी गाळली जाते. तिसऱ्या किल्लीचा घोळ, राहून गेलेला डेव्हलपर मोड आणि चाचणी सर्व्हरचा पत्ता हे तिन्ही दोष याच पायरीवर दिसतात. ॲप सर्वांसाठी सोडतानाही ते टप्प्याटप्प्याने सोडावे. ॲपलची सोय सात दिवसांत अपडेट हळूहळू पोहोचवते, तर प्लेवर टक्केवारी स्वतः ठरवता येते आणि गडबड दिसल्यास थांबवताही येते. तेवढ्या अवधीत बसस्थानकावर लिंक दाबून बसलेल्या प्रवाशांची संख्या थोडीच राहते.